प्रेशर कुकर घेण्यापूर्वी

‘कुकर लावला का?’ हा प्रश्न आपल्या घरांतून दिवसातून एकदा तरी विचारला जातो. घर पणजीस असो, बेळगावास असो, इंदूर-ग्वाल्हेरकडे असो वा बडोदे-हैदराबादेस असो, प्रश्न तोच असतो. ह्या शब्दप्रयोगाकडे क्षणभर लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. आपण भात ‘टाकतो’, आमटीला फोडणी ‘देतो’, पण कुकर ‘लावतो’. तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर वरणाचा डबा, त्यावर भाताचा आणि जागा उरल्यास सर्वांत वर चार बटाटे, अशी ती रचना असते आणि म्हणूनच ‘लावणे’ हे क्रियापद तिला शोभते. डाळ वा भाजी थेट कुकरातच फोडणीस टाकून शिजविण्याचा प्रघातही आहे, आणि बाजारातील पुष्कळसे कुकर तो डोळ्यांपुढे ठेवून बनविलेले असतात. आपल्याकडे मात्र कुकर हे बहुधा वाफेचे कपाट असते. हा भेद ध्यानात न घेता खरेदी केली की नवाकोरा कुकर घरी येतो आणि घरचे डबे त्यात उतरत नाहीत! तेव्हा आज ह्या उपकरणाची निवड कशी करावी ह्याविषयी थोडे बोलावयाचे आहे. परंतु निवडीकडे वळण्यापूर्वी त्याच्या पोटात काय चालते हे पाहिले पाहिजे, कारण निवडीची सारी कारणे तेथेच आहेत.

ह्या भांड्याचा मूळ पुरुष दनी पापँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ होय. १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपले घट्ट झाकणाचे भांडे मांडले. टणक हाडे त्यात शिजून मऊ पडत. वाफ कोंडून धरली तर भांडे फुटेल ही धास्ती त्यालाही होतीच, म्हणून त्याने झाकणाला एक छिद्र ठेवून त्यावर वजन टेकविले. आतला दाब मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जावे आणि वाफ निसटावी ही ती युक्ती. आज आपण जिला शिट्टी म्हणतो ती ह्याच वजनाची पणती. आपल्या देशात १९१० च्या सुमारास इंदुमाधव मल्लिक ह्या बंगाली गृहस्थांनी ‘इक्मिक’ कुकर काढला. त्यात डब्यांवर डबे रचून ते मंद वाफेवर शिजवीत. पण त्यात दाब नव्हता, त्यामुळे वेळ पुष्कळ लागे. दाबाचे देशी कुकर १९५९ च्या सुमारास बनू लागले आणि पुढील काही दशकांत ते घरोघर पोहोचले. डबे रचण्याची जुनी रीत व पापँचे वजन ह्यांची गाठ आपल्या स्वयंपाकघरात अशी पडली.

आता वजनाने नेमके काय साधते? समुद्रसपाटीस उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांना उकळते आणि मग खाली कितीही मोठा जाळ केला तरी त्याची उष्णता वाढत नाही; फक्त पाण्याची वाफ अधिक वेगाने होते. वाफेचा धडा शिकविताना मी दरवर्षी वर्गात विचारतो की, उकळी फुटल्यावर आच वाढविली तर बटाटे लवकर शिजतील काय? बहुतेक सारे हात ‘होय’ म्हणून वर जातात. आणि खरे सांगावयाचे तर पालकसभेत विचारले तरी निराळे घडेल असे मला वाटत नाही! उष्णता वाढवावयाची तर पाण्यावरील दाब वाढविणे हाच उपाय आहे. आपल्या घरगुती कुकरात हवेच्या दाबाखेरीज दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम इतका अधिक दाब साठतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. ह्या वीस अंशांमुळे, उघड्यावर पाऊण तास घेणारी तुरीची डाळ दहा-बारा मिनिटांत मऊ होते.

बेळगावकरांना ह्यात थोडा अधिक लाभ आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यामुळे तेथे उघडे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. पणजीच्या सुनेला माहेरच्या पद्धतीने बेळगावात डाळ शिजविताना ती ‘उभीच राहते’ असे वाटले, तर त्यात तिचा दोष नसतो. थोडा दोष उंचीचा असतो, थोडा विहिरीच्या जड, म्हणजे पाठ्यपुस्तकांच्या भाषेत दुष्फेन पाण्याचा आणि थोडा डाळीच्या वयाचा. जड पाण्यातील चुना डाळीचे कण एकमेकांशी बांधून धरतो. तीच गोष्ट आंबटाची. चिंच, आमसूल वा टोमॅटो आरंभीच घातले तर डाळ शिजण्यास विलंब लागतो. हैदराबादेची चिंचेची डाळ घ्या, बडोद्याची आमसूल-गुळाची घ्या वा आपली आमटी घ्या, आंबट नेहमी डाळ शिजल्यानंतरच घालावे. कुकर हे नियम रद्द करीत नाही. मात्र उंचीचा परिणाम तो बराच पुसून टाकतो, कारण बेळगावातही त्याच्या पोटात ११९ अंशांपर्यंत उष्णता चढते.

दाबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो हे ऐकावयास किरकोळ वाटते. पण २० सेंटिमीटर व्यासाचे झाकण घेतले तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे ते झाकण तीनशे किलोंहून अधिक भार सोशीत असते. क्विंटलाची तीन पोती त्यावर रचली असती तर जेवढा भार झाला असता, तेवढाच तो खालून वर रेटीत असतो. आपण ओट्यापाशी हातभर अंतरावर उभे असतो आणि शेजारी मूल डबा भरून घेण्याची वाट पाहत असते. म्हणून ह्या खरेदीत पहिली अट रंगरूपाची नसते आणि किमतीचीही नसते.

पहिली अट म्हणजे भारतीय मानकाची खूण. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे. २०२० साली केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून ही खूण सक्तीची केली व २०२१ पासून ती अमलात आली. खूण नसलेला कुकर विकणे हा तेव्हापासून गुन्हा आहे. तरीही असे कुकर विकले गेले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काही मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांवर ह्याच कारणासाठी कारवाई केली. केवळ खोक्यावरील चित्र पाहून समाधान मानू नये. भांड्यावरच आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक उमटविलेला असावा. हा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या मोबाइलवरील सोयीतून तपासता येतो. घरात कॉलेजात जाणारे मूल असेल तर हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि मोबाइलचा तेवढाच सदुपयोग!

दुसरा प्रश्न झाकणाचा. ह्यात दोन घराणी आहेत. एकात झाकण बाहेरून बसते: भांड्याच्या काठावर ठेवून फिरविले की त्याचे दात काठाखाली अडकतात आणि रबराची कडी वाफ अडविते. दुसऱ्यात झाकण किंचित तिरके करून भांड्याच्या आत घालतात व मग वर ओढून काठाला खालून टेकवितात. ह्या दुसऱ्या रचनेत एक स्वाभाविक सोय आहे. आतला दाब झाकणाला काठावर अधिकच घट्ट दाबून धरतो. आणि उघडण्यासाठी ते प्रथम खाली ढकलावे लागत असल्यामुळे, वाफ असेतो ते उघडतच नाही. घाईची सवय असलेल्या घरात ही सोय लाखमोलाची होय. बाहेरच्या झाकणाचा अवगुण असा की दात झिजले किंवा हिसका देऊन फिरविले तर थोडा दाब शिल्लक असतानाही ते निसटू शकते. नव्या बनावटीत ह्यावर उपाय म्हणून दाब असताना झाकण फिरू न देणारी खीळ बसविलेली असते. बाहेरच्या झाकणाचा कुकर घेताना ती आहे किंवा नाही हे विचारून घ्यावे.

मग आतल्या झाकणाचाच कुकर सर्वांनी घ्यावा काय? येथेच आपले डबे आडवे येतात. आतून बसणाऱ्या झाकणासाठी भांड्याचे तोंड पोटापेक्षा अरुंद ठेवावे लागते. त्यामुळे त्यात जाणारे डबे अरुंद आणि उंच असतात. बाहेरच्या झाकणाच्या कुकराचे तोंड सरळ व मोठे असते. रुंद, पसरट डबे त्यात सहज उतरतात व भात मोकळा शिजतो. ज्या घरी रोज दोन-तीन डबे लावण्याची रीत आहे त्यांना बाहेरचे झाकण सोयीचे. ज्या घरी कडधान्ये, मांस वा भाजी थेट भांड्यात शिजते त्यांना आतले. कसेही असो, दुकानात जाताना घरातला नित्याचा डबा पिशवीत घालून न्यावा आणि तो कुकरात उतरवून, झाकण लावून पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

घरात वयस्क माणसे स्वयंपाक करीत असतील तर आणखी एक परीक्षा आहे. झाकण लावणे व काढणे हे त्यांच्याच हातून दुकानात करून पाहावे. आतल्या झाकणाला थोडा सराव लागतो, बाहेरच्याला नवे रबर असताना जोर लागतो. संधिवाताच्या बोटांना ह्यांपैकी काय झेपते हे दुसऱ्या कुणी सांगून कळत नाही. भरलेला कुकर उचलणे हाही भाग आहेच. पाच लिटरच्या कुकराला समोरच्या बाजूस लहान दुसरा कान असेल तर दोन्ही हातांनी धरता येते.

आकाराविषयी फार बोलण्याचे कारण नाही. दोघांना तीन लिटर, चौघांना पाच, सहा-सात माणसांना साडेसहा वा साडेसात लिटर असे ढोबळ मान आहे. मात्र सांगितलेली मापे काठोकाठ भरण्याची असतात हे विसरू नये. कोणतेही पदार्थ थेट शिजविताना कुकर दोन तृतीयांशांवर भरू नये. आणि डाळ, तांदूळ, कडधान्ये ह्यांसारखे फुगणारे वा फेसाळणारे जिन्नस असतील तर अर्ध्यावरच थांबावे. एकच मोठा कुकर घेण्यापेक्षा पाच लिटरचा एक आणि दोन किंवा तीन लिटरचा एक अशी जोडी मला अधिक शहाणपणाची वाटते. चार बटाट्यांसाठी सात लिटरचे भांडे तापविण्यात सिलिंडर लवकर संपण्याखेरीज काही निष्पन्न होत नाही.

धातूंमध्ये ॲल्युमिनियम, कडक मुलामा दिलेले काळे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील असे तीन पर्याय आहेत. उष्णता पसरविण्याच्या कामी ॲल्युमिनियम हे स्टीलपेक्षा दहापटीहून अधिक सरस आहे. म्हणून ते लवकर तापते, सर्वत्र सारखे तापते व वजनाला हलके असते. त्याचे दुखणे आंबटाशी. चिंच, आमसूल, टोमॅटो थेट त्यात शिजविले तर धातूचा अंश अन्नात उतरतो आणि भांड्याला बारीक खड्डे पडतात. आपण डब्यांत शिजवीत असू तर हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे साधे ॲल्युमिनियम उत्तम व स्वस्त. तळच्या पाण्याने आतून ते काळवंडते म्हणून त्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड वा चिंचेचे बुटूक टाकण्याची जुनी युक्ती अगदी योग्य आहे. थेट आमटी-रस्सा शिजणार असेल तर स्टील घ्यावे किंवा मुलाम्याचे. स्टीलमध्ये मात्र तळ जाड, दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर दाबून बसविलेला असला पाहिजे. पातळ तळाच्या स्टीलमध्ये अन्न एका जागी करपते. विजेच्या इंडक्शन शेगडीवर वापरावयाचा असेल तर साधे ॲल्युमिनियम तेथे तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटतो की नाही हे पाहणे ही त्याची सोपी कसोटी. चुंबक घरातल्या जुन्या कपाटाच्या दारातही सापडेल.

गोव्यातील श्रोत्यांसाठी उकड्या तांदळाविषयी दोन शब्द. हा तांदूळ उघड्यावर पुष्कळ वेळ खातो, तेव्हा इंधनाची खरी बचत तेथेच आहे. परंतु त्याची पेज थेट कुकरात केली तर पिठूळ फेस वर चढून वाफेच्या नळीत जाऊन बसतो. तांदूळ डब्यात ठेवला तर ही भीती बरीच कमी होते. थेटच शिजवावयाचा असेल तर कुकर अर्ध्याहून कमी भरावा आणि वाफ धरल्यावर आच अगदी मंद ठेवावी. चणे, वाटाणे, राजमा ह्यांच्या सालींविषयीही हेच.

कारण ती नळी हाच कुकराचा प्राण आहे. झाकण लावण्यापूर्वी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसते की नाही हे रोज पाहावे. ह्याला एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही. नळी तुंबली तर शिट्टी होत नाही, दाब चढत राहतो आणि मग भिस्त उरते ती सेफ्टी व्हॉल्व्हवर. ह्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते. उष्णता मर्यादेबाहेर गेली की ती वितळते आणि वाफेला वाट मिळते. काही बनावटींत झाकणाच्या कडेला खाच असते व दाब फार वाढल्यास रबर तेथून बाहेर फुगून वाफ सोडते. ज्या कुकराला नळी, व्हॉल्व्ह आणि ही खाच असे एकापाठोपाठ एक पहारेकरी आहेत तो पसंत करावा. तळचे पाणी आटून व्हॉल्व्ह वितळला तर त्याच कंपनीचा नवा बसवावा. त्या जागी खिळा ठोकून वा स्क्रू आवळून भागविल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांतून ऐकावयास मिळतात. त्यात पहारेकऱ्याचेच हातपाय बांधले जातात.

शिट्टीच्या वजनाविषयी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. छिद्राचा आकार आणि त्यावरील वजन ह्यांच्या प्रमाणावर आतला दाब ठरतो. एका कंपनीचे वजन दुसऱ्या कंपनीच्या नळीवर नेमके बसलेही, तरी नळीचे छिद्र लहान असेल तर तेच वजन दाब कितीतरी वाढवील. मोठे असेल तर डाळ कच्ची राहील. शिट्टी हरवली म्हणून शेजारणीची आणून बसविणे हे म्हणून वर्ज्य समजावे. ह्याचाच अर्थ असा की कुकर घेताना त्याचे रबर, शिट्टी आणि व्हॉल्व्ह आपल्या गावी अस्सल मिळतात की नाही ह्याची चौकशी प्रथम करावी. महानगरातून भेट आलेला सुंदर कुकर सुट्या भागांअभावी माळ्यावर जाऊन बसतो, हे अनेक घरांतून दिसते.

वापराचा मुद्दा निवडीला लागूनच आहे म्हणून थोडक्यात सांगतो. ‘तीन शिट्ट्या’ हे माप पाककृतींच्या पुस्तकांतून रूढ झाले आहे. पण शिट्टी म्हणजे काही घड्याळ नव्हे. आच मोठी असेल तर शिट्ट्या पाच मिनिटांत तीन होतात, मंद असेल तर पंधरात एक. भांड्याचा आकार बदलला की हिशोब पुन्हा चुकतो. पहिली शिट्टी होताच आच मंद करावी आणि तेथून मिनिटे मोजावी. त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे मोजून केलेली वाफ खिडकीबाहेर सोडणे होय. नळाच्या पाण्याला उकळी आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सहा-सात पट उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. गृहिणींनी, आणि आता पुष्कळ घरी कुकर लावणाऱ्या गृहस्थांनीही, हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी सिलिंडर काही दिवस अधिक पुरेल.

वाफ जिरल्यावाचून शिट्टी उचलू नये. आतले पाणी त्या वेळी १०० अंशांच्या पुष्कळ वर असते. दाब एकदम सुटला की ते सर्व एकाच वेळी उसळते आणि नळीवाटे कढत डाळीचा फवारा छपरापर्यंत जातो.

रबर कडक झाले, त्याला चिरा पडल्या किंवा कडेने वाफ फुसफुसू लागली तर ते बदलावे. वर्षातून एकदा तर बदलावेच. परंतु रबर नवे घालूनही वाफ जात असेल, तळ फुगून ओट्यावर भांडे डुलत असेल किंवा झाकणाचे दात झिजले असतील, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. नवा कुकर घेताना जुना दुकानात देऊन सूट घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, ती घ्यावी. नसेल तर जुना कुकर घरकामास येणाऱ्या बाईंना ‘अजून चालतो’ म्हणून देण्याचा मोह होतो. आपल्या ओट्यावर जो धोक्याचा ठरला तो त्यांच्या घरात सुरक्षित कसा होईल? भांड्याचा तळ सपाट असेल तर ते झाकणाविना साधे पातेले म्हणून खुशाल द्यावे. झाकण, शिट्टी आणि रबर मात्र मोडीत टाकावे.